दुआही हवी, केमोही हवी

आपल्या मावळ-लोणावळ्यात घरातल्या अम्मीला कॅन्सर निघाला की परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या आणि नातेवाइकांचे सल्ले एकदमच सुरू होतात. कुणी कलौंजी सांगतो, कुणी हळद, कुणी एखादा काढा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर कडुनिंब, हळद आणि आहाराने बरा झाल्याचा दावा केला. त्यांच्यावर शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. श्रेय मात्र हळदीला गेले. टाटाच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढून सांगावे लागले की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका.

माझे दुआशी भांडण नाही. पण आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपलीच आहे. केमो हीच ती दोरी.

घरात खरा धोका लपवाछपवीचा असतो. काही वनस्पती केमोच्या औषधांचा परिणाम बदलतात, यकृतावर ताण आणतात. डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवला, तर रक्ततपासणी बिघडल्याचे कारण त्यांना कसे कळणार?

हॉस्पिटलात सोबत जाणारे बहुधा आपण तरुणच असतो. म्हणून पुढच्या फेरीत काढ्याची बाटली फाइलसोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांनी नको म्हटले, तर खालाजानला नम्रपणे नाही म्हणणे हेही आपलेच काम.