आडनाव वाचून परीक्षण होत नाही

मागे भोरमध्ये एका पुस्तकचर्चेला गेलो होतो. विषय होता एका मुस्लिम लेखकाचा नवा कथासंग्रह. पहिले वक्ते म्हणाले, "मुस्लिम समाजजीवनाचं प्रभावी दर्शन." दुसरे आपल्यातलेच वडीलधारे. ते म्हणाले, "यात आपली बदनामी आहे." निवेदन कुठे घसरलं, पात्रं जिवंत वाटतात का, शेवट पटतो का, यावर कुणी बोललंच नाही. चहा आला, चर्चा संपली.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. दोघांनीही पुस्तक वाचलं नव्हतं, आडनाव वाचलं होतं.

हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ची, मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७०चं. तरीही कादंबरीला मंडळाचा जाहीरनामा समजणारे आजही भेटतात. कुणी त्यासाठी ती डोक्यावर घेतं, कुणी त्याच कारणानं हात लावत नाही. कोकणातल्या आपल्या गावी परतलेला तो निवेदक स्वतः किती धुतल्या तांदळासारखा आहे, हे तपासायला मात्र पानं उलटावी लागतात.

१९९० साली पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. म्हणजे मोठ्या मांडवात आपला माणूस अध्यक्ष होता, तरी आपला वेगळा मांडव घालावा लागला. तो कशासाठी? माझ्या मते, नीट वाचलं जावं म्हणून. कौतुकाच्या नाहीतर संशयाच्या कप्प्यात बसवलं जावं म्हणून नव्हे.

सवलतीचं कौतुकही अपमानच असतो. कच्च्या कथेला 'धाडसी' म्हणून सोडून देणं म्हणजे, यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा नाही, असंच सांगणं.

हे सगळं कुणाला भोवतं? वेल्ह्याकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीनं कथा लिहिली. खाला आणि अम्मीचं जमिनीवरून भांडण. वही पुढे करत ती म्हणाली, "सर, हे फाडू का? लोक म्हणतील, आपल्या घरातलं बाहेर काढलं."

मी म्हटलं, "भांडण राहू दे, तेच खरं आहे. शेवटचा परिच्छेद काढ. तिथं तू भाषण ठोकलंयस."

तिचा चेहरा पडला. चार दिवसांनी नवा शेवट लिहून आणला. वाचक म्हणून आपण तिचं एवढं देणं लागतो.