इशारा वाचतो कोण?

मर्क्युरियल हे प्रोग्रामच्या बदलांची नोंद ठेवणारे साधन मॅट मॅकॉल यांनी २००५ साली सुरू केले. त्याच्या चाचण्यांत एक एक्स्टेन्शन मुद्दाम मोडके लिहिले आहे. ते लोड होताना इशारा यावा आणि बाकी काम चालू राहावे, हे त्यावरून तपासतात.

मला हे अर्धेच पटते. नोंदी सुबक दाखवणारे एक्स्टेन्शन लोड झाले नाही, तर चालेल. पण चुकीची नोंद अडवणारेच झाले नाही तर? इशारे वाचतो कोण! (फळ्यावरच्या सूचना किती पोरं वाचतात, हे मास्तरकी केलेल्याला सांगायला नको.) एक्स्टेन्शन 'रिक्वायर्ड' आहे असे सेटिंगमध्ये लिहिले, तर मर्क्युरियल थांबते खरे, पण ते वापरणाऱ्याने आठवणीने लिहायचे. राखणदाराच्या बाबतीत ते आधीपासूनच लिहिलेले असावे.