एन-वन झालं, आता मेल लिहा

मा. कुलगुरू, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, यांस


पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातला आपला परकीय भाषा विभाग तिचा एक मोठा आधार आहे. तरी नोकरीच्या बाजारात विद्यार्थ्याची किंमत ठरते ती जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेवरून. एन-टू झालंय का, एवढंच विचारतात. १९८४ पासून चालत आलेल्या या परीक्षेत शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासतात, तेही पर्याय निवडून. लेखन नाही, संभाषण नाही. सर्वांत वरची एन-वन पातळी गाठलेल्या उमेदवारालाही तिथे स्वतःचे एक वाक्य लिहावे लागलेले नसते. हा परीक्षेचा दोष नव्हे. सगळा भरवसा तिच्यावर टाकणाऱ्यांचा आहे.

कामावर मात्र लिहावेच लागते. समजा, हिंजवडीतून तोक्योच्या ग्राहकाला काम लांबल्याचे कळवायचे आहे. आधी त्याची कंपनी, विभाग, नावापुढे आदरार्थी 'सामा', मग ठरावीक अभिवादन, आपली ओळख, आणि मग विषय. हा साचा पाठ होतो. अडते ते पुढे. आपण परक्यासमोर साहेबांचा उल्लेख आदरानेच करतो : 'देशपांडे साहेब बाहेरगावी गेलेत.' जपानीत ग्राहकाला लिहिताना खुद्द कंपनीचा अध्यक्षही नुसता 'देशपांडे' होतो आणि क्रियापद नम्रतेचे येते, कारण तो आपल्या बाजूचा. मराठी मुलगा सवयीने नावाला आदराचे 'सान' लावतो; व्याकरण बिनचूक, पण नाते उलटे. शिवाय उशिराची कारणे सांगून भागत नाही. माफी, कारण, नवी तारीख, आणि पुन्हा असे घडू नये म्हणून काय केले, हेही अपेक्षित असते. ग्राहकाने 'विचार करून कळवतो' लिहिले तर तो बहुधा नकार समजायचा. (लग्नाच्या बोलणीतले 'कळवतो' ओळखणाऱ्यांना हे जड जाऊ नये.)

हे कंपन्या शिकवतील, असे कोणी म्हणेल. मोठ्या शिकवतीलही, छोट्या कंपनीत पहिला मेलच थेट ग्राहकाला जातो. आता यंत्र लिहून देते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण कोण कोणाला लिहितोय, चूक कोणाची, आधी काय ठरले होते, हे यंत्राला सांगावे लागते आणि आलेला मसुदा योग्य की फाजील लाचार, हे आपल्यालाच ठरवावे लागते. राकुतेन या जपानी कंपनीने २०१२ पासून अंतर्गत कामकाज इंग्रजीत नेले, हे खरे. पण भाषा बदलली म्हणून माफीकडून असलेली अपेक्षा बदलत नाही.

म्हणून विनंती अशी की, विभागाच्या प्रत्येक वरच्या वर्गाच्या परीक्षेत चार-पाच मेलांचा एक काल्पनिक व्यवहार द्यावा आणि विद्यार्थ्याकडून पुढचे उत्तर लिहून घ्यावे. निम्मे गुण भाषेला, निम्मे प्रसंग ओळखण्याला. तपासायला वेळ लागेल आणि दोन परीक्षकांचे मत जुळणार नाही, हे मान्य. त्यासाठी जपानी कंपन्यांत रोज असा पत्रव्यवहार करणारे आपलेच माजी विद्यार्थी परीक्षक म्हणून बोलवावेत आणि त्यांना मानधन द्यावे.

आपला,
एक भाषाप्रेमी नागरिक