पाहुणा नव्हे, वाटेकरी

परक्या गावी दिवस काढणे म्हणजे काय, हे जावळी खोऱ्यातील माणसाला कोणी शिकवावयास नको. मेढा, केळघर, कुडाळ, बामणोली या भागांतील कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेले. कोणी गिरणीत लागले, कोणी बाजारात माथाडी म्हणून ओझी वाहिली. १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणाच्या जलाशयाने तर कित्येक गावांना मुळासकट उठवून दूरच्या जिल्ह्यांत नेऊन बसविले. मुंबईत या माणसांना सांभाळले ते सरकारने नव्हे आणि मालकानेही नव्हे. सांभाळले ते गावच्या मंडळाच्या खोलीने. भिंतीला प्रत्येकाची खुंटी, खाली ज्याची त्याची ट्रंक आणि वळकटी, महिन्याची वर्गणी, हिशेबाची वही एकाच्या हाती आणि ती पाहण्याचा अधिकार मात्र सर्वांना, अशी तिची घडण होती. नोकरीच्या शोधात नव्याने आलेल्या पोराला वर्गणीची सवलत बहुधा मिळे. झाडलोटीच्या आणि पाणी भरण्याच्या पाळीतून मात्र तो सुटत नसे. त्या पाळीनेच तो खोलीचा होई.

या खोलीची आठवण आज मुद्दाम करावयाची ती एका वेगळ्या प्रश्नासाठी. आता पारडे फिरले आहे. आपल्यामध्ये येऊन राहणाऱ्या परदेशी माणसांची संख्या लहान नाही. पुण्यात आफ्रिकेतून आणि पश्चिम आशियातून आलेले विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आहेत. मेढ्यापासून फार लांब नसलेल्या पाचगणीच्या निवासी शाळांतून परदेशी मुले शिकतात. १९६८ पासून तेथे उभ्या असलेल्या ‘एशिया प्लॅटो’ या केंद्रात देशोदेशींची माणसे एकत्र येतात. आपल्या शहरांतील इमारतींच्या फाटकांवर आणि उपाहारगृहांच्या भटारखान्यांतून राबणारा नेपाळी माणूसही परदेशीच आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला येथे राहण्यास आडकाठी नाही; पण त्यामुळेच तो परदेशी म्हणून कोणाच्या हिशेबात नाही आणि आपला म्हणूनही नाही.

या माणसांच्या अडचणी पर्यटकाच्या नव्हेत. परदेशी भाडेकरूची माहिती पोलिसांना कळविण्याची जबाबदारी घरमालकावर असते. त्या कटकटीला भिऊन पुष्कळ वेळा खोलीच नाकारली जाते. आजारपणात जवळ बसावयास माणूस नसतो. रुग्णालयात दुखणे सांगावयाचे तर भाषा नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे घरून येणारे पैसे, व्हिसाची मुदत आणि पाठीमागे राहिलेले आईबाप या तिन्ही चिंता एकाच दिवशी उभ्या राहिल्या. महाविद्यालयाची कचेरी पाच वाजता बंद होते. चिंता मात्र पाचनंतरच सुरू होते. अशा माणसांसाठी स्वयंसेवकांनी चालविलेले एखादे केंद्र असावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मतभेद होतो तो ते कसे चालवावे, याविषयी.

या बाबतीत महाराष्ट्राला स्वतःचा अनुभव आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. शां. ब. मुजुमदार हे वसतिगृहाचे रेक्टर होते. काविळीने अंथरुणाला खिळलेल्या एका मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देत असल्याचे त्यांनी पाहिले. त्या दृश्याने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘सिम्बायोसिस’ हे सांस्कृतिक केंद्र सुरू केले. नाव वनस्पतिशास्त्रातले, अर्थ सहजीवन. पुढे त्या रोपट्याचे विद्यापीठ झाले. हे यश निर्विवाद आहे. परंतु त्यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. संस्था मोठी होते, इमारती उभ्या राहतात, तरी आजाऱ्याला डबा नेऊन देण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने अंगावर घ्यावे लागते. ते इमारतीकडून होत नाही.

दुसरा अनुभव कोल्हापूरजवळील वळिवड्याचा. सोव्हिएत राजवटीने घरादारांतून उचलून सायबेरियात आणि मध्य आशियात नेलेली, तेथून इराणमार्गे सुटलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत राहिली. आश्रय हिंदुस्थानने दिला. पण छावणीतले जीवन उभे केले ते त्या निर्वासितांनी स्वतः. शाळा, चर्च, नाटके, बालवीरांची पथके हे सारे त्यांचेच होते आणि शिक्षकही बव्हंशी त्यांच्यातलेच होते. त्या मुलांना आपण कोणाच्या दयेवर जगलो असे वाटले नाही. म्हणूनच त्यांतली कित्येक पांढऱ्या केसांनी कोल्हापूर पाहावयास परत आली, आणि कोल्हापूरच्या त्या आश्रयाचे स्मारक आज वॉर्सा शहरात आहे. याचकाला दात्याचा पत्ता विसरावासा वाटतो. घर मात्र कोणी विसरत नाही.

परदेशी रहिवाशांचे केंद्र काढणाऱ्यांची चूक नेमकी येथेच होते. उत्साहाने उद्घाटन होते, दिवाळीला परदेशी मुलींना नऊवारी नेसवून छायाचित्रे काढली जातात, प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते. आणि पुढच्या मंगळवारी दार उघडावयास कोणी नसते. ज्यांच्यासाठी केंद्र, ती माणसे तेथे शोभेपुरती येतात. त्यांच्या हाती ना किल्ली, ना पाळी, ना वही. काम करणारा एखादाच तळमळीचा गृहस्थ असतो. त्याची बदली झाली की केंद्रही आटोपते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, अशा केंद्राने गावच्या खोलीचा कित्ता गिरवावा. आठवड्यातून दोनच संध्याकाळी दार उघडावे. पण त्या दोन कधी चुकू नयेत. शिक्षकाने बोलण्यापुरती मराठी शिकवावी: रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, डॉक्टरांशी बोलता येईल एवढी. अर्ज भरणे हा ज्याच्या हातचा मळ आहे, त्या कारकुनाने नोंदणीचे आणि भाडेकराराचे कागद समजावून द्यावेत. विद्यार्थ्याने रुग्णालयात सोबत जावे. आणि परदेशी रहिवाशानेही पाळी घ्यावी: दार उघडावे, चहा करावा, आपल्या भाषेचा वर्ग घ्यावा, जुन्याने नव्याला हाताशी धरावे. हे केवळ भावनेपोटी आम्ही म्हणत नाही. परदेशी नागरिकाने रुपयांत दिलेली देणगीसुद्धा २०१० च्या विदेशी देणगीविषयक कायद्याच्या कक्षेत येते. तेव्हा पैशाचा भार येथील नागरिकांच्या लहान वर्गणीवर ठेवावा आणि परदेशी रहिवाशाचा वाटा कष्टाचा असावा. नोंदणी, पावतीपुस्तक आणि वार्षिक हिशेबतपासणी यांत ढिलाई नको. असल्या कामावर संशयाची नजर लवकर वळते आणि स्वच्छ वहीइतके चोख उत्तर दुसरे नाही.

कोणी विचारील, आपल्याच गरिबांना आसरा नसताना परक्यांची ही काळजी कशाला? प्रश्न गैर नाही. परंतु परक्याला फॉर्म भरून देणारा कारकून खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यालाही तो भरून देतो. सवय एकच आहे. शिवाय आपली मुले आज जगभर विखुरली आहेत. १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ अशाच परक्या मुलखातल्या माणसांनी वर्गणी काढून आणि वेळ देऊन उभे केले. त्यांना तेथे जे हवेसे वाटले, ते येथे आलेल्याला नको असेल काय?

मुंबईच्या त्या खोलीत ज्यांच्या बापजाद्यांची वळकटी होती, त्यांनी तरी हा प्रश्न दुसऱ्यावर ढकलू नये. आपल्या माणसाला परक्या शहरात कोणीतरी खुंटी दिली होती. आता भिंत आपली आहे. खुंटी ठोकावयाची पाळीही आपलीच आहे.