पेटीतले कार्ड

द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरात कागदाला फार मान आहे. कारण घरात कागद थोडे आणि ते वाचणारे त्याहून थोडे. जमिनीचा सातबारा, रेशनकार्ड, बाबांचा चौथीचा दाखला, माझी गुणपत्रके हे सारे एका पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसह असते. आमच्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरायला एक आषाढ पुरतो, म्हणून पेटी माळ्यावर, चुलीची ऊब लागेल अशा जागी. कागद जपायचा असतो, उगाच काढायचा नसतो, हे मी कळू लागल्यापासून पाहत आले.

2021 साली त्या पेटीत आणखी एक कागद गेला. आईच्या हृदयाची झडप मुंबईत बदलली, त्याचे कार्ड. घरी निघताना सिस्टरने ते आईच्या हातात दिले आणि म्हणाली, "हे जपून ठेवा हं." आम्ही इतके जपले की पुढची तीन वर्षे कोणाच्या दृष्टीस पडू दिले नाही. ती "जवळ ठेवा" म्हणाली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती, असे मला अनेकदा वाटते. पण त्यात तिचा काय दोष? आमच्या घरी पत्र्याची पेटी आहे हे तिला कसे ठाऊक असणार!

आईचे दुखणे तसे जुने. लहानपणी घसा सुजला, मग ताप आला, सांधे धरले. पोरीला थंडी बाधली म्हणून काढा दिला आणि विषय संपला. त्या तापाला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. घशातल्या जंतूंनी सुरुवात होते आणि पुढे कित्येक वर्षांनी हृदयाच्या झडपा निकामी होतात. एका खोलीत आठ माणसे झोपणाऱ्या घरांचा हा आजार आहे. आई काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाई, दम लागला की भिंतीला टेकून बसे आणि म्हणे, "काय नाय, वय झाला." तेव्हा तिचे वय छत्तीस होते. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसली म्हणून झाली. नाहीतर आमच्या चार कलमांच्या आंब्यावर ती होण्यासारखी नव्हती.

आता मूळ प्रसंग सांगते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईची दाढ ठणकू लागली. ती शेजारच्या काकूंबरोबर दात काढणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारले, "शुगर? बीपी?" आई म्हणाली, "नाय." ते खरेच होते. झडपेबद्दल त्यांनी विचारले नाही आणि आईने सांगितले नाही. दाढ निघाली. रात्रभर रक्त थांबेना. कापसाचे बोळे संपले, मग जुन्या पातळाच्या चिंध्या. पहाटे रिक्षाने रत्नागिरीत आणले. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लगेच मान वर केली. लोखंडी घड्याळासारखी टिकटिक त्यांना ऐकू आली होती. "झडप कुठली आहे? कुठल्या जागी? रक्त पातळ ठेवायची गोळी कोणती, किती? कार्ड कुठे आहे?"

कार्ड माळ्यावर होते. बाबा ते आणायला एसटीने लांज्याच्या बाजूला गेले आणि दुपारी परत आले.

त्या पाच-सहा तासांत मी जे शिकले ते वर्गात शिकण्यासारखे नव्हते. धातूची झडप बसवलेल्या माणसाला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. नाहीतर झडपेवर रक्ताची गुठळी धरते, ती झडप अडकवते किंवा मेंदूकडे जाते. गोळी जास्त झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून आयएनआर नावाची तपासणी करतात. आईचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. रक्त वाहते म्हणून घाईने गोळीचा परिणाम एकदम उलटवला, तर गुठळीचा धोका. म्हणजे उपचार करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी दरी. शिवाय दाढ काढण्यापूर्वी साधारण तासभर आधी अँटिबायोटिक द्यायला हवे होते, कारण तोंडातले जंतू रक्तात शिरून झडपेवर ठाण मांडतात. आई वाचली. पण त्या दात काढणाऱ्या डॉक्टरांना मी पूर्ण दोषी धरत नाही. त्यांच्यासमोर एक बाई होती आणि तिच्या पदराखालचा वण त्यांना दिसत नव्हता.

बाबांनी कार्ड आणले तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट वाचले. इंग्रजीत होते. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख, झडपेची जागा, माप, अनुक्रमांक आणि झडपेचे नाव : चित्रा. मागाहून ग्रंथालयात बसून शोधले, तेव्हा कळले की ही झडप आपल्याच देशातली. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा टिकला आणि 6 डिसेंबर 1990 रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. परदेशी झडपेपेक्षा कितीतरी स्वस्त. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हंजे माजी परदेशी नाय?" आणि थोडी खट्टू झाली!

अनुक्रमांक कशाला, असे मलाही वाटले होते. त्याचे उत्तर एका जुन्या प्रकरणात सापडले. बियॉर्क-शायली नावाच्या झडपेचा एक प्रकार जगभर सुमारे 86,000 माणसांना बसवला गेला. त्यातल्या काहींची आतली तार तुटू लागली आणि शेकडो माणसे गेली. 1986 मध्ये ती झडप बाजारातून काढली. पण आधीच बसवलेल्यांचे काय? धोका सर्वांना सारखा नव्हता. माप कोणते, कधी बनवलेली, यावर तो ठरत होता. कुणाच्या छातीत कोणती आहे हे आधी शोधून काढायचे होते. छाती उघडून बघता येत नाही. अशा वेळी नोंद आणि कार्ड एवढाच आधार.

युरोपात आता कायदाच आहे. 2017 साली तो झाला, मे 2021 पासून लागू झाला. शरीरात बसवलेल्या वस्तूचे कार्ड रुग्णाला द्यायचे, त्यावर वस्तूचे नाव, क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता हवा आणि सोबतची माहिती सामान्य माणसाला समजेल अशी, त्या देशाने ठरवलेल्या भाषेत हवी. हे शेवटचे वाक्य वाचून मी थांबले. समजेल अशी! आमच्या वाडीत ते इंग्रजी कार्ड वाचू शकणारी मी धरून तिघे असू, आणि त्यातले दोघे मुंबईत असतात, गणपतीला येतात.

कोणी म्हणतील, हल्ली मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा. ठेवावाच. पण आईचा फोन बटणाचा आहे. ज्याचा चांगला आहे त्याचा कुलूपबंद असतो. आणि मुंबई-गोवा महामार्गावर रात्री एसटी कलंडली तर 108 च्या गाडीतला माणूस आधी खिसा चाचपेल की फोनचा आकडी कोड ओळखत बसेल?

पण खरी अडचण कागदाची नव्हतीच, हे मला उशिरा कळले. मी आईला विचारले, "डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काकू बरोबर होती." काकूंच्या माहेरी माझ्यासाठी एक स्थळ होते. आईला वाटले, हिच्या आईला हृदयाचे ऑपरेशन झाले हे कळले तर ते पोरीचेही हृदय कमजोर समजतील. रात्रभर रक्त गिळत ती माझे लग्न जपत होती. मला राग आला, रडूही आले. घसा सुजून झालेला आजार सोयरिकीत मोजायचा असतो, हे कोणी ठरवले? चष्मा चालतो, कवळी चालते, गुडघ्याची वाटी बदललेली सांगताना तर लोक खर्चाचा आकडाही सांगतात. मग झडपेनेच काय पाप केले? मला ते स्थळ नको, हे मी त्याच दिवशी सांगून टाकले. (नकार पुढे त्यांच्याकडूनच आला, पण कारण माझी उंची होती.)

मग मी एक उद्योग केला. कार्डाच्या दोन प्रती काढल्या. मूळ पेटीत, बाबांच्या समाधानासाठी. एक प्रत बाबांच्या पाकिटात. दुसरीच्या पाठीवर जाड अक्षरात मराठीत लिहिले : "माझ्या हृदयात धातूची झडप आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. कमरेत किंवा दंडात स्नायूत सुई देऊ नये. विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी देऊ नये. दात काढण्यापूर्वी माझ्या डॉक्टरांशी बोलावे." खाली फोन क्रमांक. गोळीचा डोस लिहिला नाही, कारण तो तपासणीनुसार बदलतो. त्यासाठी वेगळी वही केली. सुईचे मुद्दाम लिहिले. आमच्याकडे ताप आला की कमरेत सुई टोचल्याशिवाय औषध घेतल्यासारखे कोणाला वाटत नाही, आणि रक्त पातळ असलेल्याला तिथे आतल्या आत रक्त साकळते. प्रत लॅमिनेट करून आईच्या बटव्यात ठेवली, सुपारीच्या शेजारी.

आईला वाचता येत नाही. कार्ड उलटे धरले जाऊ नये म्हणून तिने वरच्या कोपऱ्याला कुंकवाचा ठिपका लावून घेतला आहे. परवा तिला ताप आला. बाजारातल्या दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरांनी सवयीने सुई भरायला घेतली. बाकावर सात-आठ माणसे होती, त्यात आमच्या वाडीतलीही दोन. आईने बटवा सोडला, कार्ड काढले, ठिपका वर आहे ना ते पाहिले आणि टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आदी ह्या वाचा."