पाण्यावरचं धान्य

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम आपल्या आज्या-पणज्यांनी निगुतीनं पाळला. नांगर न लागलेलं, आपसूक उगवलेलं तेवढंच त्या दिवशी ताटात. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या तळ्यांकाठी राहणाऱ्या ओजिब्वे लोकांचं जीव की प्राण असलेलं धान्य असंच बिननांगराचं आहे. आपण ज्याला रानतांदूळ म्हणू, त्याला ते मनूमिन म्हणतात. जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे वस्ती करा, हे भाकीत ऐकून आपले पूर्वज पूर्वेकडून इथे आले, असं ते सांगतात.

आपल्या भाद्रपदाच्या सुमारास दोघं जण होडीत बसतात. एक जण लांब काठीनं होडी रेटतो. दुसऱ्याच्या हातात दोन आखूड काठ्या. एकीनं लोंब्या होडीवर वाकवायच्या, दुसरीनं हलकेच झोडायच्या. पिकला दाणा झडतो, कच्चा लोंबीलाच राहतो, म्हणून त्याच तळ्यात काही दिवसांनी पुन्हा फेरी. पाण्यात झडलेला दाणा हीच पुढच्या सालाची पेरणी.

ही झड कृषिशास्त्राला दोष वाटली. १९६० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठानं यंत्रानं कापता येतील असे, कमी झडणारे वाण काढले. ते बांधबंदिस्तीच्या शेतात, पुढे थेट कॅलिफोर्नियात पिकू लागले आणि दुकानात 'रानतांदूळ' म्हणूनच विकले गेले. १९९८ साली ओजिब्वेंच्याच मिनेसोटा चिपेवा ट्राइबचे अध्यक्ष नॉर्मन डेशॅम्प यांनी विद्यापीठाला पत्र लिहून या धान्यावरच्या जनुकीय संशोधनाला हरकत घेतली. हक्क जुना होता: १८३७ च्या करारात जमीन देतानाही हे धान्य गोळा करण्याची मुभा ओजिब्वेंनी राखली होती. शिवाय याचे परागकण वाऱ्यानं पसरतात. परकी जनुकं एकदा तळ्यात शिरली की उपटून काढता येत नाहीत. २००७ मध्ये राज्यानं जनुकबदल केलेल्या रानतांदळाला परवानगी देण्याआधी पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. २०१८ मध्ये ओजिब्वेंच्या व्हाइट अर्थ गटानं तर मनूमिनलाच जगण्याचा कायदेशीर हक्क दिला.

अशा वादात आपण चटकन नफ्यातला वाटा विचारतो. तो मिळायलाच हवा. ओजिब्वेंचं मागणं मात्र त्याच्या आधीचं आहे: हात लावण्यापूर्वी विचारा, आणि आम्ही नाही म्हटलं तर थांबा. मला ते पूर्णपणे न्याय्य वाटतं. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावच्या समितीशी सल्लामसलत आहे, लाभवाटपही आहे. पण सल्ला म्हणजे संमती नव्हे. अकोले तालुक्यात कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या वालाच्या बियांपाशी यंदाचा हा बियाण्यांचा अंक म्हणूनच सुरू होतो.