बंद डेपोखालची माती

ऑक्टोबरच्या अखेरीस लेबर वीकेंड आला की न्यूझीलंडमध्ये टोमॅटोची रोपे लावायची लगबग सुरू होते, आणि त्याच सुमारास आपल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात किल्ल्यासाठी माती कालवली जाते. इथली दिवाळी वसंतात येते, सगळ्यांचे हात मातीत असतात. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाच्या आरंभी मातीविषयीच लिहितो आहे.

मार्च २०१९. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, होकिटिकामागच्या डोंगरांतल्या क्रॉप नदीच्या खोऱ्यात, ४८ तासांत १,०८६ मिलिमीटर पाऊस कोसळला. पुण्याला सरासरी वर्षभरातही एवढा मिळत नाही. त्याच वादळात आणखी दक्षिणेला फॉक्स नदीने काठ कापला आणि काठालगतचा जुना कचरा डेपो फोडला. हा डेपो कित्येक वर्षांपूर्वी बंद करून मातीने झाकलेला होता. कागदोपत्री त्याचे काम संपलेले होते. पोटातले प्लास्टिक नदीपात्रभर पसरले आणि तिथून टास्मान समुद्राच्या किनाऱ्यावर लांबवर गेले. ‘ऑपरेशन टायडी फॉक्स’ नावाची मोहीम निघाली. संवर्धन खात्याचे कर्मचारी, लष्कराचे जवान आणि देशभरातून आलेले स्वयंसेवक कित्येक आठवडे दगडगोट्यांतून पिशव्यांच्या चिंध्या उपसत राहिले. त्या माणसांविषयी मनात निखळ आदर आहे.

पण हाताला लागले तेवढेच उचलता आले. ऊन, घर्षण आणि काळ यांनी प्लास्टिक ठिसूळ होते, तुटत जाते. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ते चाळून वेगळे काढणे जवळपास अशक्य. गांडुळे त्याचे कण खालच्या थरांत नेतात, कचऱ्यातून झिरपणारे पाणी ते ओढ्यापर्यंत पोचवते, वारा ते शेजारच्या शेतावर टाकतो. डेपो शाबूत असतानाही हे चालूच असते. फॉक्सच्या पुराने ते फक्त ठळकपणे दाखवले.

जुने डेपो अनेक ठिकाणी नदीकाठी, खाडीकाठी, पडीक दलदलीत केले गेले, तळाशी अस्तर न घालता. मुंबईतला देवनारचा डेपो १९२७ पासूनचा, तोही खाडीलगतच. पुण्याच्या कचरा डेपोमुळे फुरसुंगी-उरुळीच्या गावकऱ्यांना विहिरींच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, न्यूझीलंडने १ जुलै २०१९ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिक पिशव्या थांबवल्या. दोन्ही निर्णय चांगलेच. मात्र त्यांनी नवी भर कमी होते, आधीचे पुरलेले जिथल्या तिथे राहते. त्याची जबाबदारी डेपोच्या फाटकाला कुलूप लागले त्या दिवशी संपली, असे मानणे मला अजिबात पटत नाही. धोक्यातले जुने डेपो आणि दूषित जागा यांसाठी न्यूझीलंड सरकारने २०२४ मध्ये निधी उभा केला. तो खर्च व्हायचा तर स्थानिक कौन्सिलवर लोकांचा रेटा हवा.

आपण तो लावू शकतो. कौन्सिल दीर्घकालीन आराखड्यावर सूचना मागवते तेव्हा लिहायला नागरिकत्व लागत नाही. आपल्या भागातला बंद डेपो कुठे आहे, पाण्यापासून किती लांब आहे आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली, एवढे विचारा आणि लेखी उत्तर मागा. मराठी मंडळांनी दिवाळीच्या फराळाला प्लास्टिकऐवजी स्टीलची ताटे काढावीत, हेही आग्रहाने सांगतो. ती धुवायला मी येईन.